पुरात वाहून गेलेल्या म्हशींचा पंचनामा होतो का?

सीनाकाठची सून:
सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी रात्रीत गोठ्यात शिरलं. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कोयत्यानं दावी तोडली. तरी दोन म्हशी, एक गाय आणि नऊ शेळ्या गेल्या. गाय आणि चार शेळ्या गव्हाणीपाशी गाळात सापडल्या. त्यांचा पंचनामा झाला, पैसेही जमा झाले. म्हशी आणि पाच शेळ्यांचा पत्ताच लागला नाही. पंचनाम्याला आलेले म्हणाले, "जनावर दाखवा, मग लिहितो." नदीनं नेलेलं जनावर कुठून दाखवायचं? दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर दूध डेअरीला जायचं, त्यावर घर चालायचं. मामा अजून पहाटे चारला उठतात, बादली विसळतात आणि पालथी घालून ठेवतात. आता काही करता येईल का?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
ताई, आधी सांगा, म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला होता का? त्यावरचा बारा अंकी नंबर ऑनलाइन नोंदलेला असतो. लसीकरणाच्या कार्डावर किंवा दवाखान्याच्या रजिस्टरला सापडेल. जनावर सापडलं नसेल तर ते तुमच्या दावणीला होतं, हे दाखवायला याहून चांगला कागद नाही. डेअरीच्या दूध संकलनाच्या पावत्या जोडा. ऑगस्टमध्ये चौदा लिटर आणि पुरानंतर शून्य, हे त्यातूनच दिसतं. पोलीस पाटलांचा दाखला आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्या. तहसीलदारांच्या नावानं फेरपंचनाम्याचा अर्ज करा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. मंजूर होईलच असं मी म्हणत नाही, पण लेखी अर्ज नसेल तर तुमचं म्हणणं कुठंच उरत नाही.

माढ्याचा दूधवाला:
त्या पुरात दगावलेल्या जनावरांसाठी सरकारी मदतीचे दर, एका जनावरामागे रुपयांत, असे: दुधाळ गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी ४,०००. आधी तीन मोठ्या दुधाळ जनावरांपुरतीच मदत मिळायची, ती अट राज्य सरकारनं ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये काढली. त्यामुळे गाय आधीच धरली म्हणून म्हशी अडणार नाहीत. एवढ्या पैशांत बाजारात चांगली दुभती म्हैस येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. माझ्याही दोन गेल्यात. पण हक्काचं आहे ते सोडू नका. मंजूर झालं तर मदतीच्या यादीत तुमच्या नावापुढं जो विशिष्ट क्रमांक येतो, त्यावर सेवा केंद्रात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, लागते का, ते विचारा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. माझे दुसऱ्याच बँकेतल्या जुन्या खात्यात पडले होते आणि मी महिनाभर वाट बघत बसलो.

सीनाकाठची सून:
पेटीत एका म्हशीचं कार्ड सापडलं, ओलं झालंय पण नंबर वाचता येतो. दुसरी बाजारातून घेतलेली, तिचा बिल्ला जुन्या मालकाच्या नावावर आहे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
मग बाजार समितीची खरेदी पावती शोधा. ती नसेल तर जुन्या मालकाकडून विकल्याचं लिहून घ्या, तारखेसकट. शेळ्यांसाठीही जबाबात आकडा स्पष्ट लिहा. "काही शेळ्या" असं लिहिलंत तर कुणी धरत नाही.

सीनाकाठची सून:
पावती मिळाली! मामांनी ती देवघरात हळदीच्या डबीखाली ठेवली होती. सोमवारी दोघं तहसीलला जातोय.