पहिली दुर्बीण: अकरा वर्षांच्या लेकीसाठी काय घ्यावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. मे महिन्यात वाईजवळ आमच्या गावी अंगणात झोपायला लागली आणि तिथून आकाशाचं वेड लागलं. मोबाईलवर स्टेलॅरियम टाकून दिलं, तर आता चित्रा, स्वाती, ज्येष्ठा मी विचारायच्या आत दाखवते. वाढदिवसाला दुर्बीण हवी म्हणते.

बजेट पंधरा हजार, ओढूनताणून अठरा. राहायला डोंबिवली, चौथा मजला, गॅलरी पूर्वेला, समोर सोसायटीचे हॅलोजन. गावी जाणं होतं दिवाळीत, मे महिन्यात आणि जोडून सुट्टी आली तर मधेअधे.

ऑनलाइन एका ७६ मिमीच्या दुर्बिणीवर '५२५ पट' असं लिहिलंय आणि ती बजेटच्या निम्म्यात बसते. ११४ मिमीची दुसरी जवळजवळ दुप्पट महाग, पण तिच्यावर असा आकडाच नाही. मग पहिली का घेऊ नये? नवरा म्हणतो, थोडं थांबून मोबाईलवरून चालणारी स्मार्ट दुर्बीणच घेऊ.

आणखी एक. लेकीची मीन रास, साडेसाती चालू आहे, म्हणून तिने दुर्बिणीतून शनी बघू नये असं सासूबाईंचं म्हणणं. त्या काळजीपोटीच बोलतात, त्यांना दुखवायचं नाही. पण लेकीला शनीची कडीच बघायचीयत. काय करू?

व्याध

रानजाई, आधी त्या ५२५ चा हिशोब करू, कारण तो लेकीलाही करता येईल.

दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरसा किंवा भिंग जितक्या लांब प्रतिमा जुळवतं ते अंतर) भागिले नेत्रिकेचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, नाभीय अंतर, की झालं वर्धन, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते. तुम्ही म्हणता ती बहुतेक ७०० मिमी नाभीय अंतराची असणार. डब्यात ४ मिमीची नेत्रिका देतात: ७०० भागिले ४, म्हणजे १७५. सोबत तिप्पट करणारी बार्लो भिंग असते. १७५ गुणिले ३, बरोबर ५२५. आकडा गणिताने खरा आहे, पण त्यातून दिसत काही नाही. आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, साधारण तेवढीच त्या दुर्बिणीची उपयोगी मर्यादा. ७६ मिमीला १५० च्या आसपास, तीही हवा शांत असेल तर. त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते. प्रकाश तेवढाच, तो मोठ्या जागेत पसरला की गुरू म्हणजे एक फिकट, थरथरता ठिपका. म्हणून दुकानदार किती पट सांगायला लागला, की आपण व्यास विचारायचा. दुर्बीण प्रकाश गोळा करण्यासाठी असते, मोठं करणं हे नंतरचं काम.

दुसरी गोष्ट डब्यावर कधीच लिहिलेली नसते: स्टँड. या किमतीतल्या दुर्बिणींचे तिपाई इतके हलके असतात की फोकसच्या चाकाला बोट लावलं की चंद्र नाचायला लागतो. तो स्थिर होईपर्यंत थांबायचं, बघायचं, तोवर पृथ्वीच्या फिरण्याने तो सरकलेला असतो, परत हात लावायचा. मोठी माणसं कळ काढतात. मुलं दोन-तीन रात्रींत कंटाळतात आणि दुर्बीण माळ्यावर जाते. पहिल्या दुर्बिणीचा घात वर्धनापेक्षा या तिपाईने जास्त वेळा केलेला मी पाहिलाय.

त्यामुळे माझा सल्ला: सध्या दुर्बीण घेऊच नका. चांगला १०×५० (दहा पट वर्धन, ५० मिमीची भिंगं) बायनॉक्युलर घ्या, त्याला तिपाईवर बसवायचा अडॅप्टर आणि एक भक्कम, वापरलेला चालेल असा कॅमेऱ्याचा तिपाई. बजेटात बसून पैसे उरतील.

लेकीला हे थोडं वाटेल, हे मला कळतं. म्हणून यातून काय दिसतं ते सांगतो. अंधारात पुरत्या उघडलेल्या बाहुलीचा व्यास सुमारे ७ मिमी, भिंगाचा ५०. वर्ग करून भागा, एकेक भिंग डोळ्याच्या जवळजवळ पन्नास पट प्रकाश गोळा करतं. कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, इथे सगळं क्षेत्र भरून जातं. मृगाच्या बाणाखाली तेजोमेघ. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ, जो शहरातून डोळ्यांना दिसतच नाही. शर्मिष्ठेवरून खाली ययातीकडे यायला लागलं की वाटेत एकमेकांना चिकटलेले दोन गुच्छ. दिवाळीच्या अमावास्येला गावात देवयानी डोक्यावर येते, तिच्यातली दीर्घिका लांबट धुरकट डाग दिसेल; तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. मे महिन्यात दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ शोधायला सांगा. वाईच्या अक्षांशावरून तो क्षितिजाच्या वर जेमतेम चोवीस-पंचवीस अंश येतो, तेव्हा दक्षिणेला डोंगर आडवा नको. लंडनहून तो कधीच दिसत नाही.

डोंबिवलीतूनही चंद्र आहे, गुरूचे चार चंद्र आहेत. चंद्र पौर्णिमेला बघू नका. शुद्ध सप्तमी-अष्टमीला बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. गुरूचे चंद्र तिला रोज वहीत काढू दे, एक वर्तुळ आणि चार टिंबं. आठवड्याभरात टिंबं जागा बदलतात हे तिच्याच हाताने कागदावर येईल. गॅलिलिओने १६१० मध्ये हेच केलं होतं.

आता खरी अडचण. शनीची कडी १०×५० मधून दिसत नाहीत, त्याला निदान २५-३० पट लागतं. पण घाई नाही. मार्च २०२५ मध्ये कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, म्हणजे जवळजवळ नाहीशी. तिथून ती वर्षागणिक उघडत जातायत, २०३२ च्या सुमारास पुरती उघडतील. तोवर तिला खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला घेऊन जा, डोंबिवलीहून कर्जतच्या बाजूला लोकलने जवळच आहे. तिथे मोठ्या दुर्बिणीतून शनी बघेल आणि वेगवेगळी यंत्रं हाताळलेली माणसंही भेटतील. पुण्याला नातेवाईक असतील तर ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून हेच काम करते.

एवढं करून वेड टिकलं तर वर्ष-दीड वर्षाने सहा इंची डॉब्सोनियन. लाकडी खोक्यावर फिरणारी, भक्कम, सगळा पैसा आरशात. तेव्हा बजेट दुप्पट धरा.

पाणकावळा

व्याध यांच्या बहुतेक मुद्द्यांना अनुमोदन, पण स्मार्ट दुर्बिणीला सरसकट नाही म्हणू नये. मी भर पुण्यात राहतो, वय साठीपुढे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सीस्टार एस५० वापरतो. भिंग तेवढंच, ५० मिमी, पण ती दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत जाते. गच्चीवरून मला नुसत्या डोळ्यांनी चार तारे दिसतात, आणि फोनवर बघता बघता तेजोमेघाचा रंग उमटायला लागतो. मला त्यात फार आनंद मिळालाय.

अर्थात ती बजेटच्या कितीतरी वर जाते. ग्रहांसाठी तर घेऊच नये, २५० मिमी नाभीय अंतरात शनी एवढासाच येतो. आणि अकरा वर्षांच्या मुलीने आधी आपल्या डोळ्यांनी आकाश ओळखावं, पडदा नंतर आहेच.

तुळसाई

साडेसातीबद्दल लिहिते, कारण आमच्या घरी हेच झालं होतं.

नारळीकर सरांनी २००८ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने एक चाचणी घेतली होती. २०० मुलांच्या पत्रिका, त्यातली १०० मुलं शाळेत हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि कुठली कुणाची एवढंच ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

पण हे सासूबाईंना ऐकवू नका, त्यांना ते वादासारखं वाटेल. माझ्या आईला आम्ही पंचांगच हातात दिलं. सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी संपते, हे नातवाने तिला रोजचा चंद्र दाखवून समजावलं. त्या गणिताबद्दल तिला आदर होताच. मग हे गणित वेगळं आणि भविष्य सांगणं वेगळं, हे ती आपणहून म्हणाली. नंतर शनी बघायला तीच पुढे होती. आजींना दुर्बिणीशी आधी बोलवा, नातीच्या आधी.

व्याध

तुळसाई, हे फार छान केलंत.

याच धर्तीवर लेकीला एक उदाहरण द्या. दर ऑगस्टमध्ये 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो. उगम २००३ चा, तेव्हा मंगळ खरंच फार जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरवर आला होता. मूळ मजकुरात होतं की ७५ पट वर्धन असलेल्या दुर्बिणीतला मंगळ नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढा दिसेल. पुढे दुर्बीण गळाली, चंद्र राहिला. तपासायला सोपं आहे: तेव्हा मंगळाचं कोनीय माप २५ विकला (एक अंश म्हणजे ३६०० विकला), गुणिले ७५, म्हणजे १८७५. चंद्राचं सुमारे १८००. डब्यावरच्या ५२५ चा हिशोब जिला आला, तिला हाही येईल. फॉरवर्ड आला की खरं-खोटं आपल्याला विचारण्याऐवजी ती वही काढेल.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गुणाकार लेकीने स्वतः केले आणि ५२५ वाली यादीतून तिनेच काढली. बायनॉक्युलर नक्की. वांगणीला सासूबाईंनाही विचारते. दुकानात जाऊनच घेऊ म्हणतोय, तर घेताना काय बघायचं?

व्याध

दुकानात जाणं उत्तम. बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजेडाकडे करा. नेत्रिकेत प्रकाशाचं वर्तुळ दिसेल, ते पुरतं गोल हवं. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत. मग बाहेर येऊन लांबच्या टॉवरचं टोक बघा. एक डोळा झाका, उघडा. दोन टोकं दिसली किंवा डोळ्यांना ताण आला तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, तो नग परत द्या. लेकीच्या डोळ्यांमधलं अंतर कमी असणार, नळ्या तिच्यापुरत्या जवळ येतात का ते तिलाच लावून बघायला सांगा. पुढच्या बाजूला तिपाईच्या स्क्रूचं भोक आहे ना, तेही पाहा.

दिवसा सूर्याकडे कधीच रोखायचा नाही, हे तिला पहिल्या दिवशी बजावा. आणि जून लागला की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर डोंबिवलीच्या पावसात भिंगांवर बुरशी धरते.