मदत हवी आहे: हिमनदीवरची तळी २०२३ च्या इमेजमध्ये गायब

ठाण्याची_मनू: गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग दगडमातीने झाकलाय, त्यावरची वितळलेल्या पाण्याची तळी मॅप करतेय. एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखायचा आकडा: ग्रीन वजा एनआयआर, भागिले दोघांची बेरीज; एनआयआर म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड) काढला, ०.३ च्या वर ते पाणी. २०२१ ची तळी मस्त येतात, २०२३ ला जवळपास सगळीच गेली!! सोमवारी गाईडना नकाशा दाखवायचाय, प्लीज कोणीतरी सांगा.

नेरुळकर: सॅटेलाइट कुठला? महिना? उन्हाळ्यात भरलेलं तळं बर्फात वाट सापडली की काही दिवसांत रिकामं होतं, खरंच गेली असतील.

ठाण्याची_मनू: सेंटिनेल-२, दोन्ही ऑक्टोबरच्याच. आणि गेली नाहीयेत, इमेजमध्ये डोळ्यांना दिसतायत, हिरवट करडी.

घोडबंदर_काका: ऑप्टिकलचा, म्हणजे फोटोसारख्या इमेजचा नाद सोड, रडार घे. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं तळं फुटलं तेव्हा इस्रोने रडारवरूनच दाखवलं, २८ सप्टेंबर २०२३ ला १६७.४ हेक्टर, ४ ऑक्टोबरला ६०.३.

नेरुळकर: काका, ते केवढं मोठं तळं! हिची पाच-सहा पिक्सेलची, रडारच्या ठिपक्यांत हरवतील, शिवाय दरीत डोंगर कलंडल्यासारखे येतात ते वेगळंच.

घोडबंदर_काका: ढग आले की मग कळेल, रडारला ढगांतूनही दिसतं.

भटक्या_कळवा: गोमुखाला जाणार असशील तर परमिट आधी काढ, भोजबासाला मुक्काम कर, रात्री थंडी भयंकर असते.

तलावपाळी: आधी मासुंदा तलावावर कोड चालवून बघ की, पाणी घराजवळचं, खात्री करता येते.

वाशी_सेक्टर१७: मनू, एकाच तळ्याच्या मधल्या पिक्सेलचे आकडे टाक, दोन्ही वर्षांचे.

ठाण्याची_मनू: २०२१: ग्रीन ११६०, एनआयआर ५२०. २०२३: २१४०, १५३०.

वाशी_सेक्टर१७: हेच! २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला १००० जास्तीचे मिळवलेले असतात. एनडीडब्ल्यूआयच्या सूत्रात वरची वजाबाकी तीच राहते पण खालची बेरीज २००० ने फुगते, म्हणून तुझं ०.३८ चं पाणी ०.१७ वर आलं. १००० वजा कर नाहीतर हार्मोनाइज्ड कलेक्शन घे (त्यात ते आधीच वजा केलेले असतात), ०.३ ला हात लावू नकोस.

ठाण्याची_मनू: ०.३७ आलं!! दादा, तीन दिवस ह्यात गेले होते, खूप खूप थँक्यू. पण आता कड्यांच्या सावल्याही पाणी म्हणून येतायत, २०२१ लाही होत्या, लक्षच गेलं नव्हतं.

नेरुळकर: डीईएमवरून (जमिनीच्या उंचीचा डेटा) उतार काढ, १० अंशांच्या वरचं उडव. तळं सपाटच असतं.

ठाण्याची_मनू: डीईएम ३० मीटर पिक्सेलचा चालेल का? तळी १० मीटरवर काढलीत.