बेघर व्यक्तींचं व्यसन आणि मानसिक आरोग्य सेवा: सर्वेक्षण कसं आखावं? सल्ला हवा

प्रबंधग्रस्त: बेघर व्यक्तींचं व्यसन, मानसिक त्रास आणि त्यांना मिळणाऱ्या सेवा असा विषय आहे. साधारण २०० जण, सहा महिन्यांच्या अंतराने दोन मुलाखती. लोक रात्रनिवाऱ्यातूनच घ्यायचा विचार आहे. मार्गदर्शकांनी पीएचक्यू-९ (नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) सुचवली आहे. आणखी कोणती प्रश्नावली घ्यावी?

नमुनेदार: प्रश्नावलीचं नंतर बघू, आधी माणसं कुठून घेणार ते ठरवा. एका रात्री निवाऱ्यात गेलात तर मुक्काम ठोकून असलेलेच जास्त भेटतात. चार दिवसांसाठी आलेले निसटतात. कुन आणि कल्हेन यांनी १९९८ साली न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. सुमारे ८० टक्के लोक थोडा काळ राहून बाहेर पडणारे निघाले, आणि दहाएक टक्के कायमच्या मुक्कामींनी जवळजवळ निम्मे निवारा-दिवस वापरले होते. या मुक्कामींमध्ये व्यसन आणि आजार जास्त असतात, त्यामुळे एका रात्रीच्या आकड्यात दोन्ही फुगतात. शक्य असेल तर वर्षभराच्या नोंदवहीतून नावं काढा. निवाऱ्याकडे न फिरकणाऱ्यांसाठी मोफत जेवणाच्या जागा आणि स्टेशन परिसरही धरा. प्रत्येकाला 'गेल्या आठवड्यात यांपैकी कुठे किती वेळा गेलात' हे विचारा, म्हणजे नंतर भारांक देता येतील (वारंवार भेटणाऱ्यांचं वजन कमी, क्वचित भेटणाऱ्यांचं जास्त).

मोजपट्टी: पीएचक्यू-९ चालेल, पण जपून. एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर नैराश्याची शक्यता धरतात. त्यात झोप, भूक आणि थकवा असे तीन प्रश्न आहेत. फुटपाथवर झोपणाऱ्याला तिथेच ९ गुण मिळू शकतात, नैराश्य असो वा नसो. म्हणून प्रश्नवार गुण वेगळे छापा. नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. 'हो' आलं तर त्याच वेळी कोणाला बोलवायचं हे ठरल्याशिवाय तो विचारू नका.

दारूसाठी ऑडिट नावाची प्रश्नावली घ्या: १० प्रश्न, ४० पैकी गुण, ८ पासून धोका. बाटली चौघांत फिरत असेल तर 'किती पेग' या प्रश्नाला अर्थ नाही. बाटलीचा आकार आणि वाटेकरी विचारा. इतर नशा असतील तर जागतिक आरोग्य संघटनेची असिस्ट प्रश्नावली. गेल्या ९० दिवसांचं कॅलेंडर समोर ठेवून पगार, सण, दवाखाना यांच्या खुणा करत गेलं की नशेचे दिवस बरे आठवतात. त्याच कागदावर 'रात्री कुठे झोपलात' हेही भरून घ्या.

आणि 'सेवा मिळाली का?' असा एकच प्रश्न ठेवू नका. दवाखान्यासाठी चिठ्ठी मिळाली, पोचले, तपासलं, औषध मिळालं, पुन्हा गेले: प्रत्येक पायरी वेगळी. गळती कुठे होते ते तेव्हाच कळतं. पोलिसांनी उचलून भरती केलेले वेगळे मोजा, ती सेवा 'घेतली' म्हणता येत नाही.

प्रबंधग्रस्त: संशोधनाला परवानगी देणारी नैतिकता समिती म्हणते, मुलाखतीचा रोख मोबदला दारूत जाईल. आणि नशेत असलेल्याची संमती कशी घ्यायची?

पाठपुरावा: नशेत असेल तर त्या दिवशी थांबा, नाव कायमचं खोडू नका. शुद्धीवर असताना माहिती सांगा आणि त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावा: अभ्यास कशाचा, मधेच सोडता येतो का, नकार दिला तर निवाऱ्यातली जागा जाईल का. तिसऱ्यावर गडबडला तर पुन्हा समजवा. निवाऱ्याच्या कर्मचाऱ्यांना संमती घ्यायला लावू नका, तिथे 'नाही' म्हणणं अवघड.

मोबदल्याबद्दल समितीला २००५ चा प्रयोग दाखवा. व्यसनोपचार घेणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या रकमा, रोख किंवा व्हाउचर दिली. जास्त रक्कम किंवा रोख मिळाल्याने नशा वाढल्याचं दिसलं नाही. उलट पुढच्या भेटीला लोक जास्त आले.

तुमचा खरा खड्डा ही पुढची भेटच आहे. फोन हरवतात, नंबर बदलतात. पहिल्याच भेटीत टोपणनाव, सकाळी बसायची जागा आणि खबर असणारे तिघे लिहून घ्या, प्रत्येकासाठी वेगळ्या परवानगीसह. त्या तिघांना विषय सांगायचा नाही. दर महिन्याला गाठ घ्या. हरवतात ते सहसा जास्त आजारी असतात, म्हणून उरलेल्यांची सरासरी फसवी.

नमुनेदार: मुख्य फलित, म्हणजे नेमका कोणता बदल मोजणार, हे पहिल्या मुलाखतीआधी लिहून ठेवा. कॅनडात २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत, दोन हजारांवर लोकांना घेऊन 'आधी घर' पद्धत (नशा सोडायची अट न घालता आधी घर देणं) तपासली; एका गटाला ती, दुसऱ्याला नेहमीच्या सेवा. घर टिकण्यात मोठा फरक पडला, पण व्यसन आणि लक्षणं दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. घर, नशा आणि लक्षणं एकाच एकत्रित गुणसंख्येत कोंबली असती तर हे दिसलंच नसतं. तिन्ही वेगळी ठेवा.