घरी जाऊन मांजर-कुत्रा सांभाळायचे दर कसे ठरवावेत? (पुणे)

बावधनकर: मालक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन प्राणी सांभाळायचं काम सुरू करतेय. बावधन, कोथरूड, वारजे एवढा भाग. अर्ध्या तासाच्या फेरीचे २५० सांगितले तर परवडेल का? दोन प्राणी, औषधं आणि दिवाळीचे वेगळे घ्यावेत का?

हिशेबी: नाही परवडणार. जाण्यायेण्याची ४० मिनिटं, गेटवरची नोंद आणि लिफ्ट, मालकाला फोटो पाठवणं, सगळं धरून अर्ध्या तासाची फेरी ८० मिनिटं खाते. महिन्याला २४,००० हातात हवेत आणि फेऱ्या ७५ मिळाल्या, तर मेहनतीचेच ३२० झाले. १२ किलोमीटर स्कूटर, पेट्रोल-टायर-सर्व्हिसिंग मिळून किलोमीटरला ४ रुपये धरले तर ४८. हातमोजे, पिशव्या वगैरे १२. झाले ३८०. ऐनवेळी रद्द होणाऱ्या फेऱ्या धरून ४०० सांगा. १२ किलोमीटरच्या पुढे किलोमीटरमागे वेगळे.

बोकोबा: किलोमीटरवर लोक घासाघीस करतात. जवळचा आणि लांबचा असे दोनच दर ठेवा, वाद मिटतो.

दुसऱ्या मांजराचे ५० पुरेत, काम फक्त लिटरचं (शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूचं) वाढतं. दोन कुत्री मात्र एकमेकांशी पटत नसतील तर वेगवेगळी फिरवावी लागतात, तिथे ५० घेऊन मरायचं नाही, जवळजवळ दुसऱ्या फेरीचेच पैसे घ्या.

खाण्यात लपवून द्यायच्या गोळीचे काही घेऊ नका. इन्सुलिनचे घ्या, कारण बहुधा १२-१२ तासांनी द्यावं लागतं आणि तुमच्या दिवसाच्या दोन्ही वेळा तिथे अडकतात. बाटली आणि सिरिंज एकाच मापाची आहे ना, बघा. यू-१०० ची (मिलिलिटरला १०० युनिट) बाटली आणि यू-४० ची (मिलिलिटरला ४० युनिट) सिरिंज झाली तर डोस अडीचपट जातो. प्राण्यानं खाल्लंच नसेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन.

पट्टेवाला: दिवाळीला सव्वापट घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ. आठ दिवसांच्या आत रद्द केलं तर परत नाहीत, हे बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या. ऐनवेळी सुटलेली तारीख पुन्हा भरत नाही. जास्तीचे पैसे सणाचे नाहीत, कामाचे आहेत: फटाके सुरू व्हायच्या आत फिरवून आणायचं, गळ्यातला पट्टा आणि छातीभोवतीचा हार्नेस दोन्हीला वेगवेगळी दोरी लावायची. घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून पट्ट्यातून सहज निसटतो.

मुक्काम म्हणजे रात्री ८ ते सकाळी ८, हेही स्पष्ट करा. नाहीतर लोक २४ तास धरतात. आणि मालकाचा फोन लागला नाही तर दवाखान्यात किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, त्याची लेखी परवानगी घेऊन ठेवा.

बावधनकर: दोघांना आधीच २५० सांगून झालंय. आता?

हिशेबी: तेवढं बुकिंग २५० मध्येच करा. पुढच्या महिन्यापासूनचा दर त्यांना आजच कळवा.