तुरुंगाचा खर्च आणि विद्यापीठाचे शुल्क : कॅलिफोर्नियाचा हिशेब कसा वाचावा?

मुक्काम सॅन होजे (प्रश्न)

माझी कन्या पुढील वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेईल, त्यामुळे सध्या आमच्याकडे जेवताना दुसरा विषयच नसतो. राज्यातील रहिवासी असूनही शैक्षणिक शुल्क वर्षाला सुमारे १५ हजार डॉलर आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च निराळा. हेच राज्य एका कैद्यावर वर्षाला सव्वा लाख डॉलरांहून अधिक खर्च करते, असे विधिमंडळाच्या वित्तीय विश्लेषक कार्यालयाचे आकडे सांगतात. ‘शाळा उघडा म्हणजे तुरुंग बंद होतील’ हे वाक्य आपण सर्वांनी वक्तृत्व स्पर्धेत कधी ना कधी ऐकलेले असते, परंतु येथे गोष्ट उलटी घडलेली दिसते. २००६ मध्ये राज्याच्या तुरुंगांत सुमारे १ लाख ७३ हजार कैदी होते आणि आता ते जवळपास निम्म्यावर आले आहेत. तरीही तुरुंग खात्याचा खर्च उतरलेला नाही आणि विद्यापीठाचे शुल्कही नाही. मग वाचलेला पैसा गेला कोठे? की या दोन खर्चांची तुलनाच मुळात चुकीची आहे?

ताळेबंद

आपला प्रश्न योग्य आहे. मात्र ‘एका कैद्यामागे सव्वा लाख’ या आकड्याने आपली थोडी दिशाभूल केली आहे. ही सरासरी आहे, म्हणजे एकूण खर्च भागिले कैद्यांची संख्या. भाजक कमी झाला की उत्तर फुगते, आणि गेल्या काही वर्षांत नेमके तेच झाले. एक कैदी सुटला म्हणून राज्याचे सव्वा लाख वाचत नाहीत. वाचतात ते त्याच्या जेवणाचे, कपड्यांचे आणि औषधांचे थोडेफार पैसे. भिंती, मनोरे, पाळ्यांमध्ये काम करणारे रक्षक आणि त्यांचे निवृत्तिवेतन तसेच राहते. खर्चाचा फार मोठा वाटा सुरक्षा आणि आरोग्य या दोनच बाबींकडे जातो. आरोग्यसेवा इतकी ढासळली होती की २००६ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने तिचा कारभार राज्याकडून काढून आपण नेमलेल्या प्रशासकाकडे सोपवला. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन विरुद्ध प्लाटा’ या निकालात कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश कायम केला. तेव्हा ही घट काटकसरीपोटी झालेली नाही. दाटी असह्य झाली म्हणून ती करावी लागली.

खरी बचत अख्खा तुरुंग बंद केल्यावरच होते. ट्रेसी येथील तुरुंग २०२१ मध्ये आणि सुसानव्हिल येथील दोहोंपैकी एक २०२३ मध्ये बंद झाला. सुसानव्हिलने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती, कारण त्या डोंगराळ गावात पगार देणारा मोठा मालक तुरुंगच होता. आपल्याकडे साखर कारखाना बंद पडण्याची वार्ता आली की तालुक्यात जी घालमेल होते, तीच समजा.

खडूफळा

ताळेबंद यांनी तुरुंगाची बाजू मांडली. मी या राज्यात अध्यापन करीत असल्याने शिक्षणाच्या बाजूचे एक गूढ उलगडून सांगते. ‘शिक्षण’ हे येथे एक खाते नाही. १९८८ मध्ये मतदारांनी प्रस्ताव ९८ संमत केला आणि शाळा व सामुदायिक महाविद्यालये (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी सार्वजनिक महाविद्यालये) यांच्यासाठी राज्याच्या सर्वसाधारण निधीतील साधारण ४० टक्के हिस्सा संविधानाने राखून ठेवला. तुरुंगांना असे संविधानाचे कवच नाही, पण तेथे न्यायालयाचे आदेश आहेत, रक्षकांची बलाढ्य संघटना आहे, आणि शिक्षा झालेल्या माणसाला ‘जागा नाही, पुढच्या वर्षी या’ असे सांगता येत नाही. विद्यापीठाला मात्र ते सांगता येते. अंदाजपत्रकाची कात्री फिरली की ती अशा खात्यावर फिरते ज्याला दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून भरपाई करता येईल. उच्च शिक्षण हे तसले खाते आहे, आणि तो खिसा आपला आहे.

१९६० च्या उच्च शिक्षणाच्या बृहत् आराखड्यात रहिवाशांकडून शैक्षणिक शुल्क घेऊ नये असे तत्त्व होते. १९७८ च्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता कराला मर्यादा घातली आणि शाळांचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. १९८४ नंतरच्या दोन दशकांत राज्याने वीसहून अधिक तुरुंग उभारले. १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला पंचवीस वर्षे ते जन्मठेप देणारा कायदा आला. त्या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नवे संकुल एकच निघाले, २००५ मधले मर्सेड. (कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ या दुसऱ्या सार्वजनिक विद्यापीठाची तीन नवी संकुले निघाली, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.) जानेवारी २०१० मध्ये राज्यपाल श्वार्झनेगर यांनी विधिमंडळासमोर हिशेब मांडला होता : तीस वर्षांपूर्वी सर्वसाधारण निधीतील १० टक्के उच्च शिक्षणाला आणि ३ टक्के तुरुंगांना मिळत; आता तुरुंगांना जवळपास ११ आणि उच्च शिक्षणाला साडेसात टक्के. तुरुंगांचा खर्च विद्यापीठांच्या वर जाऊ नये अशी संविधान दुरुस्ती त्यांनी सुचवली, पण ती कधी झाली नाही.

म्हणून माझे मत असे की तुलना चुकीची नाही, परंतु ती शाळा आणि तुरुंग यांच्यात करू नये; येथे ती विद्यापीठ आणि तुरुंग यांच्यातच अर्थपूर्ण ठरते.

वकीलपत्र

मी नाशिकहून लिहीत आहे. ही तुलना आपल्याकडील चर्चेत जशीच्या तशी आणली जाते, म्हणून थोडे विषयांतर करतो. भारतातील सर्व तुरुंगांचा मिळून वार्षिक खर्च दहा हजार कोटींच्या आत असतो, तर केंद्राने एकट्या समग्र शिक्षा योजनेसाठी २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ४१,२५० कोटी ठेवले. आपल्या तुरुंगांनी शाळांचे पैसे खाल्ले, असे म्हणता येणार नाही. आपल्याकडचा दोष निराळा आहे. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ हे न्यायाधीन होते, म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. देशातील सर्व तुरुंगांची एकूण क्षमता ४,३६,२६६ होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा : नुसत्या न्यायाधीन बंद्यांनीच तुरुंग भरले होते. बंद्यांपैकी बहुसंख्य निरक्षर किंवा दहावीच्या आत शिक्षण सोडलेले आहेत. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेला माणूस मी वर्षानुवर्षे पाहतो. २०२३ च्या केंद्रीय योजनेत अशा गरीब बंद्यासाठी सुरुवातीला ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने, मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर त्याला सोडावयाचे आहे. आमच्या तुरुंगांचा खर्च कमी करण्याचा मार्ग शाळेआधी न्यायालयातून जातो.

मुक्काम सॅन होजे

सर्वांचे आभार. खडूफळा यांच्या उत्तरानंतर मी थोडा शोध घेतला. २०१४ च्या प्रस्ताव ४७ ने किरकोळ चोरी आणि अमली पदार्थ बाळगणे यांसारख्या गुन्ह्यांची शिक्षा सौम्य केली आणि त्यातून वाचणाऱ्या रकमेची वाटणीही ठरवून दिली : ६५ टक्के मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीसाठी, २५ टक्के शाळागळती रोखण्यासाठी आणि १० टक्के गुन्ह्यांतील पीडितांसाठी. विद्यापीठांचा त्यात उल्लेखही नाही.

आणखी एक प्रश्न राहतो. त्याच वर्षीच्या एका कायद्याने सामुदायिक महाविद्यालयांना तुरुंगात जाऊन प्रत्यक्ष वर्ग घेण्याची आणि त्यासाठी नेहमीचे अनुदान मिळवण्याची मुभा दिली. म्हणजे हा पैसा प्रस्ताव ९८ च्या राखीव हिश्शातून, शिक्षणाच्या खात्यातून जातो. तो तुरुंगावरचा खर्च धरावा की शिक्षणावरचा?

ताळेबंद

पुस्तकात शिक्षणाखाली. मात्र परतावा दुसऱ्या पानावर जमा होतो. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासानुसार तुरुंगातील शिक्षणावरच्या एका डॉलरमागे पुढील तीन वर्षांत पुन्हा कैदेत ठेवण्याचा चार ते पाच डॉलर खर्च टळतो. तो टळलेला खर्च तुरुंग खात्याचा आहे, महाविद्यालयाचा नव्हे. त्यामुळे अंदाजपत्रकाच्या चर्चेत महाविद्यालयाच्या वतीने तो कोणी मांडत नाही.