वाळूतून मोनाझाइट वेगळा कसा काढतात?

प्रश्न (खानापूर): मलप्रभेच्या काठची काळी वाळू परातीत धुतली की तळाशी जड कण उरतात. त्यात दुर्मिळ मृदा (सेरियम, लँथॅनमसारखी मूलद्रव्यं) असतील काय? कारखान्यात क्रम कसा असतो?

उत्तर १ (निपाणी): दादा, आधी चुंबक कागदात गुंडाळून फिरवा. टपाटप चिकटलं ते मॅग्नेटाइट, म्हणजे आपल्या बेसॉल्टातलं लोहखनिज. दुर्मिळ मृदा असतात त्या मोनाझाइटमध्ये, म्हणजे त्यांच्या फॉस्फेट खनिजात; त्यात थोरियमही असतो. तो ग्रॅनाइट-नाइस खडकांतून येतो. पिवळसर-तपकिरी, मधासारखा दाणा, घनता ५ च्या आसपास. क्वार्ट्झची २.६५, म्हणून पहिली छाननी पाण्यावरच, स्पायरल (नागमोडी घसरण) आणि हलत्या टेबलावर. चिखल आधी धुवायलाच हवा, नाहीतर बारीक दाणे वाहून जातात.

मग वाळवण. इथंच घोळ होतो: पुढं विद्युत विभाजक वीजवाहक आणि अवाहक दाणे वेगळे करतो; ओल राहिली तर त्यात झिरकॉन हे अवाहक खनिजही रुटाइलसोबत वाहक बाजूला पडतं. इल्मेनाइट-रुटाइल ही वाहक टायटॅनियम खनिजं बाजूला काढली की उरलेल्यातला मोनाझाइट तीव्र चुंबक ओढतो, झिरकॉन मागे राहतो.

उत्तर २ (बेळगाव): खरं काम पुढंच आहे. दाणा पिठासारखा दळून तीव्र कॉस्टिक सोड्यात १४० अंशांच्या आसपास काही तास शिजवतात. फॉस्फेट ट्रायसोडियम फॉस्फेट होऊन पाण्यात जातं, हायड्रॉक्साइडचा गाळ उरतो. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल बेतानं घालायचं, पीएच ३.५ च्या जवळपास. दुर्मिळ मृदा विरघळतात, थोरियम गाळात राहतो. आम्ल जास्त पडलं की थोरियमही विरघळून द्रावणात उतरतो. केरळात आळुव्याला हे काम १९५२ मध्ये सुरू झालं होतं.

घरी करू नका. थोरियम किरणोत्सारी आहे, धूळ छातीत गेली तर लवकर निघत नाही.