जखमींचे चेहरे झाका म्हणणाऱ्यांना

जुनी रिळं:
‘युद्धातल्या जखमींवरचे माहितीपट म्हणजे दुःखाची दुकानदारी, रुग्णांचे चेहरे दाखवायला सरळ बंदी घाला’ ही तिरकस यांची पोस्ट वाचली आणि राहवेना. साहेब, हा प्रयोग होऊन गेलाय. मनाने कोलमडून परतलेल्या सैनिकांवर हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनने १९४५ साली न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या मेसन जनरल हॉस्पिटलात ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट चित्रित केला. करवून घेतला अमेरिकी लष्करानेच, आणि १९४६ मध्ये दाबलाही लष्करानेच. कारण काय दिलं? रुग्णांचं खासगीपण! बंदी उठायला १९८० चा डिसेंबर उजाडला. इतकी वर्षं अब्रू कुणाची झाकली, त्या पोरांची की युद्धाची?

तिरकस:
वा! लष्कराने खोटी सबब सांगितली म्हणून खरा प्रश्न मिटला? त्याच फिल्ममध्ये एकाला स्वतःचं नाव आठवत नाही. त्याची संमती कसली घेणार? आणि जो डॉक्टर उद्या ड्रेसिंग करणार, तोच कॅमेरावाल्यांना घेऊन खाटेशी आला तर ‘नको’ म्हणायची छाती कुणाची होते?

फिजिओताई:
चेहरा दाखवा नाहीतर पाठ दाखवा, माझं भांडण शेवटच्या शॉटशी आहे. कृत्रिम पाय लावला, समांतर दांड्या धरून पेशंटने पहिलं पाऊल टाकलं, व्हायोलिन, समाप्त. अहो, आमचं काम तिथे सुरू होतं! स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, पुढे कित्येक महिने आकसत राहतो. तो ज्यात बसतो ते कृत्रिम पायाचं सॉकेट सैल पडतं, घासून फोड येतात. लहान मूल असेल तर ते वाढतं, वर्षभरात पाय आखूड पडतो, की पुन्हा नवा. कधी वाढतं हाड टोकाशी कातडीला आतून टोचायला लागतं, मग परत ऑपरेशन. मोठं होईपर्यंत हेच चक्र. हे कुणी दाखवत नाही, कारण कंटाळवाणं आहे म्हणे.

जुनी रिळं:
ताई, कंटाळवाणं नाही, महाग आहे. मी संकलन करतो. पोरगं मोठं होईस्तोवर चित्रण करायला पैसे कोण देणार?

फिजिओताई:
मग पहिलं पाऊल तरी विकू नका. आमच्याकडे एका मुलाला उजेड नीट पडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा चालवलं. संध्याकाळी सॉकेट काढलं तर कातडी सोललेली. फिल्ममध्ये मात्र तो हसतोय.

तिरकस:
मी तरी वेगळं काय म्हणत होतो!

फिजिओताई:
तुम्ही बंदी म्हणत होतात. त्या पोराला ती फिल्म आवडते. घरी येईल त्याला दाखवतो. आता त्याचा चेहरा तुम्ही झाकणार?

अर्धविराम:
माझं एकच. माणूस रडत बोलतोय आणि त्याच्यावर गोड गळ्याच्या निवेदकाचा आवाज चढवलेला. उपशीर्षकं द्यायला काय होतं?

जुनी रिळं:
त्याचा वेगळा धागा काढा हो.

सैनिकाची लेक:
बाबांचा पाय सुरुंगात गेला. नसलेल्या पायाचा अंगठा रात्री ठणकायचा, आणि दाबायला तिथे काहीच नाही. फिल्मवाले आले ते ‘स्फोटाचा दिवस सांगा’ म्हणत. बाबांना बोलायचं होतं पेन्शनबद्दल. पाय अजूनही नाहीच, असा दाखला ते पुन्हा पुन्हा देत होते. तेवढंच नेमकं कापलं.

तिरकस:
रिळंवाले, उत्तर द्या. की कात्री आपोआप चालते?

जुनी रिळं:
टोमणे मारायला काय जातं! काबूलच्या रेड क्रॉसच्या केंद्रात अल्बर्टो कैरो हे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० पासून काम करत आलेत, तिथे पाय बनवणारे बहुतेकजण स्वतःच अपंग. हजेरी, पगार, यंत्रावर पाय घडवणं, हीच युद्धानंतरची रोजची गोष्ट. वाहिनीकडे असलं काही घेऊन जा, पहिला प्रश्न येतो, ‘यात नाट्य कुठंय?’

तिरकस:
आणि तुमच्या त्या थोर फिल्ममध्ये? सोडियम अमिटाल या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं की न चालणारा सैनिक उठून चालतो. नाट्यच नाट्य!

जुनी रिळं:
निवेदनात तिथल्या तिथे सांगितलंय, चालला म्हणजे बरा झाला असं नव्हे. अर्धवट बघून बोलू नका.

फिजिओताई:
सांगितलं असेल. लक्षात मात्र चाललेलाच राहतो.

तिरकस:
बरं बाबा, बंदी मागे घेतो, व्हा खूश. पण पूर्ण झालेली फिल्म आधी त्या माणसाला दाखवा आणि मग पुन्हा विचारा.

जुनी रिळं:
दाखवतो की आम्ही.

सैनिकाची लेक:
आम्हाला तरी कुणी दाखवली नव्हती. आणि दाखवून तो ‘नको’ म्हणाला तर?

जुनी रिळं:
त्याचा भाग कमी करता येतो.

सैनिकाची लेक:
कमी नाही, काढून टाकता का?

जुनी रिळं:
सगळी फिल्म त्याच्यावरच असेल तर काढणार काय? लोकांचे पैसे अडकलेले असतात, ताई.

तिरकस:
म्हणजे विचारायचं ते ‘हो’ ऐकण्यापुरतं.